आधी ताट, मग लाथ

फिलोमिना तुस्कानो माझ्यावर पहिल्यांदा भडकली तेव्हा मला ओमानमधल्या इब्र्यात येऊन आठवडाही झाला नव्हता. गुरुवारचा शेवटचा तास होता, तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. मी आठवीच्या वर्गात नकाशाची चाचणी घेत होते आणि दारात एक ठेंगणी, रुंद खांद्यांची, टोपी उलटी घातलेली बाई येऊन उभी राहिली. तिने वर्गाकडे बोट करून चार मुलींची नावं घेतली आणि म्हणाली, "यल्ला, चला, मॅचची बस उभी आहे." मी म्हटलं, चाचणी चालू आहे. ती म्हणाली, नकाशा रविवारीही असाच राहील, ओमान काही पळून जात नाही. मी पुण्याची. माझ्या वर्गात येऊन मला असं कोणी ऐकवलेलं नव्हतं. चाचणी संपल्याशिवाय एकही मुलगी हलणार नाही, असं मीही ठणकावलं. त्यावर ती सरळ आत आली, शेवटच्या बाकावर बसली आणि मुलींचे पेपर होईपर्यंत माझ्याकडे अशी बघत राहिली, की शेवटी मीच दहा मिनिटं आधी पेपर गोळा केले.

बसमध्ये चढता चढता तिने माझं नाव विचारलं आणि मग घरात खोल्या किती ते विचारलं. दुसरा प्रश्न कशासाठी होता, ते मला पुढच्या महिन्यात कळलं.

ती आमच्या शाळेत खेळ शिकवायची. शाळा इब्र्याच्या बाहेर, एका खासगी संस्थेची, बहुतेक मुलं भारतीय नोकरदारांची. फिलोमिना वसईची. घरचे केळीच्या वाडीवाले, नवरा मस्कतला एका हॉटेलच्या किचनमध्ये, आणि ही इकडे दोन तासांवर एकटी. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. माझ्याहून ती सात-आठ वर्षांनी मोठी, पण पहिल्याच भांडणात आम्ही अगं-तुगंवर आलो आणि तसंच राहिलो. सगळी शाळा तिला फिलूमिस म्हणायची. मी नुसतं फिलू.

तिच्या रागाच्या भाषा ठरलेल्या होत्या. उशीर झाला तर हिंदी. खोटं बोललं तर मराठी, मग समोरची मुलगी मल्याळी असो की गुजराती, आणि त्या मुलींनाही ते मराठी बरोबर समजायचं. मैदानात अंग चोरलं तर वसईची घरातली बोली, जी आमच्यापैकी कोणालाच कळत नसे. मुली सगळ्यात जास्त तिलाच घाबरायच्या. शिट्टी तिच्या मनगटाला बांधलेली असे, पण वाजवायची वेळ क्वचितच येई, आवाज पुरायचा. बुधवारी इब्र्याला बायकांचा बाजार भरतो. तिथल्या ओमानी विक्रेत्या म्हाताऱ्यांशी ती मोडक्यातोडक्या अरबीत कापडावरून हुज्जत घालायची आणि त्या म्हाताऱ्या तिला हाताला धरून शेजारी बसवून कॉफी पाजायच्या. 'इन्शाल्ला' या शब्दाची मात्र तिला चीड होती. तो शब्द त्या म्हाताऱ्यांनी उच्चारला तर चालायचा. आमच्या शाळेच्या समितीने उच्चारला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण समितीच्या तोंडी त्याचा अर्थ एकच होता: होणार नाही.

आणि मुलींची फुटबॉल लीग होणार नाही, असं समितीने पूर्वी अनेकदा इन्शाल्ला म्हणून सांगितलेलं होतं. मुलांची होती. मुलींना दुसऱ्या गावी रात्र काढावी लागेल, पालक पाठवणार नाहीत, विषय संपला. पालकांचंही खोटं नव्हतं. हॉटेलात पोरगी कोण ठेवणार? तेव्हा फिलूने आणि समुद्रकाठच्या सूर गावातल्या शाळेच्या शीबा मिसने मिळून तोडगा काढला. हॉटेल नकोच. मुली घरात राहतील. पाहुण्या संघातली एकेक मुलगी यजमान संघातल्या मुलीच्या घरी उतरेल, तिथेच जेवेल, तिथेच झोपेल, सकाळी दोघी एकत्र मैदानावर येतील. फिलू सूरला गेली आणि तिथलं एकेक घर बघून आली. शीबा मिस इकडे आली आणि आमची घरं बघून गेली. मग पालकांना नाही म्हणायला जागा उरली नाही. मस्कतच्या दोन शाळा आल्या, डोंगरापलीकडची एक आली, सूर आणि आम्ही. पाच शाळांची लीग झाली.

कोण कोणाकडे उतरणार हे ठरवायची तिची रीत मला आधी वेडेपणाची वाटली. ज्या मुलीला उद्या मैदानावर अडवायचं, तिच्याकडेच आज जेवायचं. बचावातली मुलगी समोरच्या स्ट्रायकरच्या घरी. गोलकीपर गोलकीपरच्या घरी, कारण तिला अडवणारं कोणी नसतं, तिचं दुःख दुसऱ्या गोलकीपरलाच कळतं. "आधी ताट, मग लाथ," असं ती म्हणायची. मी म्हटलं, अगं, जिच्या आईच्या हातचं खाल्लं तिला पोरी जोरात अडवतील तरी का? ती म्हणाली, जोरात अडवतील, पण पाय मोडणार नाहीत. एवढाच फरक पाहिजे.

पुढे सूरची मुलगी माझ्याकडे उतरली, कारण आमच्या एका खेळाडूच्या घरी कांजिण्या होत्या. माझ्या खोल्या फिलूने मोजून ठेवल्या होत्याच. मुलीचं नाव हिबा, घर मल्याळी मुसलमान, रोज ताज्या मासळीवर वाढलेली. मी धसकले. पनीर आणलं, यूट्यूब बघून काहीतरी तिखट करायला घेतलं. फिलू दारात आली, ओट्याकडे बघितलं आणि माझ्याच स्वयंपाकघरात मला झापलं. तुमच्याकडे गुरुवारी रात्री काय असतं? वरण-भात. मग वरण-भात वाढ. पाहुणी म्हणून वेगळं वाढलंस तर ती पाहुणीच राहील. मी रागाने वरण-भात वाढला. हिबाने तीनदा मागून घेतला, वर लिंबाची फोड चोखून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी आमच्यावर दोन गोल केले.

हा सगळा खटाटोप ती एकटीने करायची असं नाही, पण सगळ्यांचे शिव्याशाप एकटी खायची. मस्कतला सामना असला की परतताना अल मवालेहच्या फळबाजारात बस थांबवून संत्र्यांच्या पेट्या चढवायची. बस उशिरा पोचायची, पालक गेटवर ताटकळायचे, बोलायचे. ती ऐकून घ्यायची आणि एकेकाच्या हातात संत्रं ठेवायची.

त्या पालकांत देवधर होते. तेलक्षेत्रावर इंजिनियर, महिन्यातले निम्मे दिवस वाळवंटात. त्यांची अन्वी आमची गोलकीपर. एका सूर-दौऱ्यात अन्वीला ताप भरला, अंगावर पुरळ उठलं, प्रवास नको म्हणाले डॉक्टर. देवधर साइटवर अडकलेले, बायको पुण्याला. अन्वी सूरच्या गोलकीपरच्या घरी उतरली होती, ते घर लहान, त्यात म्हातारे आजी-आजोबा. तेव्हा हिबाच्या आईने तिला आपल्याकडे हलवलं. फिलू बाकीच्या मुलींना इब्र्याला सोडून उलट पावली सूरला गेली. अन्वी बरी होईपर्यंत त्या दोघींनी तिचं सगळं केलं. देवधर तिला घ्यायला गेले तेव्हा हिबाच्या आईपुढे त्यांनी हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले, हे उपकार मी जन्मात विसरणार नाही. हे मला फिलूने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज चक्क मऊ झाला होता. तिला वाटलं, आता ही लीग कोणी तोडू शकत नाही. मलाही वाटलं.

मग मस्कतच्या दोन शाळा गेल्या. एक गेली म्हणून दुसरी गेली. कुठल्याशा कंपनीने नवी लीग काढली होती. हिरवं कृत्रिम गवत, पाठीवर नाव छापलेल्या जर्सी, प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण, मुलांच्या परदेशी कॉलेजच्या अर्जाला जोडायला सर्टिफिकेट. पाठोपाठ डोंगरापलीकडची शाळा गेली. तिच्या खेळाच्या सरांनी फिलूला फोन करून खूप वेळ माफी मागितली. ती म्हणाली, माफी नको, रविवारपर्यंत विचार करा. रविवारी त्यांच्या शाळेचं नाव नव्या लीगच्या पोस्टरवर आलं.

राहिलो आम्ही आणि सूर. फिलू म्हणाली, दोघी तर दोघी, महिन्यातून दोनदा खेळू. शीबा मिसशी तिचे रोज फोन व्हायचे. आणि तेवढ्यात नव्या लीगला एक शाळा कमी पडली. संघ विषम झाले, वेळापत्रक बसेना. त्यांनी आम्हाला बोलावलं.

माहिती द्यायला कंपनीचा एक तरुण आला. छान सूट, छान इंग्रजी. त्याने पडद्यावर ओमानचा नकाशा दाखवला. मी भूगोल शिकवते, नकाशा चुकीचा दिसला की माझं डोकं फिरतं. त्याने मस्कतला ठिपका दिला होता, इब्र्याला दिला होता, आणि पार खाली सलालाहला दिला होता, जिथे बसने जायला अख्खा दिवस मोडतो. आमच्यापासून दोन तासांवरच्या सूरला ठिपकाच नव्हता. मी विचारलं, सलालाह आहे आणि सूर का नाही? तो हसून म्हणाला, "मॅम, सूर व्हॅल्यू ॲड नहीं करता." समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली. मी पुढे काही विचारणार तर त्यांनी चहा मागवला.

समितीने तसं ठरवूनच टाकलं होतं. पालकांची सभा नुसती कळवायला बोलावली होती. इथे फिलूने ती चूक केली, जी तिच्याशिवाय कोणी केली नसती. अध्यक्षांचं भाषण संपल्यावर ती उठली आणि म्हणाली, मला पालकांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अध्यक्षांनी परवानगी दिली. तिचा चेहरा शांत होता. तिला खात्री होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. तिला वाटत होतं, समिती एका बाजूला आणि आपण सगळे एका बाजूला.

"ज्यांच्या पोरी सूरला जेवल्यात त्यांनी हात वर करा," ती म्हणाली.

सगळे हात वर गेले. कोणी हसलं, कोणी शेजारणीला कोपराने ढोसलं, जुन्या दौऱ्यांच्या आठवणी निघाल्या. फिलूने सगळ्यांना पुरता वेळ दिला. मग म्हणाली, "आता सूरच्या पोरींना टाकून जायचं ज्यांना पटतं, त्यांनी हात वर करा."

सगळे समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होते. मग पहिला हात देवधरांचा वर गेला. त्यांनी तो पूर्ण वर केला नाही, कानाजवळ धरला, पण केला. मग त्यांच्या बायकोचा. मग एकेक करत तेच सगळे हात, जे आत्ता हसत वर गेले होते.

फिलूने देवधरांकडे बघितलं. देवधर उभे राहिले आणि चांगल्या, समजूतदार आवाजात म्हणाले, "मिस, संबंध वेगळे आणि मुलांचं भवितव्य वेगळं. सूरच्या लोकांबद्दल आम्हाला आदर आहेच. पण आपल्या मुलींनी पुढे जायचं की नाही?"

मी वाट पाहत होते की फिलू हिंदीत ओरडेल, मराठीत ओरडेल, निदान त्या बोलीत तरी काही बोलेल. ती खाली बसली आणि शिट्टीची दोरी मनगटाभोवती गुंडाळत राहिली. अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, बघा, आम्ही नाही, पालकांनीच हात वर करून ठरवलं. ते वाक्य पुढे त्यांनी जिथे तिथे वापरलं. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं फिलूने जन्मभर गृहीत धरली होती, आणि भर सभेत, स्वतःच्या तोंडाने, त्यांना मिठाला न जागण्याची संधी दिली.

मला वाटलं, ती राजीनामा देईल. दिला नाही. म्हणाली, आईबापांनी शेण खाल्लं, त्यात पोरींचा काय दोष? आणि संघ घेऊन नव्या लीगमध्ये उतरली.

सलालाहच्या सामन्याला मुलींवर लक्ष ठेवायला दुसरी बाई हवी म्हणून मी गेले. विमानाने नेण्याचं बोलणं पहिल्या मीटिंगपुरतं होतं, प्रत्यक्षात बसच आली. दिवसभर सपाट वाळवंट. पोचेपर्यंत मुलींचे पाय सुजले होते. सगळ्यांना एका हॉटेलात ठेवलं. जेवायला हॉलच्या एका टोकाला आमचा संघ, दुसऱ्या टोकाला सलालाहचा संघ, मधे दोरी, आणि प्रत्येकीच्या हातात पुठ्ठ्याचा डबा. आमच्या मुली सवयीने विचारायला लागल्या, मिस, मी कोणाकडे? फिलूने उत्तर दिलं नाही. तिने संत्र्यांची पिशवी उचलली, दोरी वर केली आणि पलीकडच्या टेबलाकडे निघाली. एक संयोजक धावत आला. सामन्याआधी खेळाडूंनी मिसळायचं नाही, नियम आहे, शिवाय कॅमेरावाल्यांना दोन्ही संघांचे चेहरे तणावात हवेत. तणावात हवेत, असं तो खरंच म्हणाला. फिलू त्याच्यावर अशी तुटून पडली की हॉलमधले वेटर थांबून बघायला लागले. शेवटी मीच तिला दंडाला धरून परत आणलं. शाळेला समज मिळाली.

सामना आम्ही वाईट हरलो, त्याचं एवढं नाही. उत्तरार्धात सलालाहची स्ट्रायकर चेंडू सोडून अन्वीच्या हातावर आली आणि अन्वीचं मनगट मोडलं. मुद्दाम नव्हतं असं पंच म्हणाले. नसेलही. परतताना प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन अन्वी पुढच्या सीटवर बसली होती. फिलूने तिला विचारलं, कोण होती गं ती, नाव काय तिचं? अन्वी म्हणाली, "आय डोन्ट नो, मिस. नंबर नाइन." फिलूने खिडकीकडे तोंड फिरवलं.

हंगाम संपला आणि नव्या लीगने आम्हाला काढून टाकलं. त्याला त्यांनी पुनर्रचना असा शब्द वापरला. आता त्यांना दुबई आणि दोहाच्या शाळा मिळत होत्या, मग इब्र्याची काय गरज? जो ठिपका त्यांनी आमच्यावर ठेवला होता तो त्यांनी पुसला. आम्ही ना घरचे राहिलो ना घाटचे. ज्या पालकांनी हात वर केले होते ते आता शाळेला शिव्या देत होते. अध्यक्षांनी फिलूला केबिनमध्ये बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, सूरला फोन करा, जुनी लीग परत सुरू करू, तुमचे संबंध आहेतच.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये ती जे बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं लिहिते: गरज सरो वैद्य मरो हे ऐकून होते, पण वैद्याला मारून त्याच्याच दारात पुन्हा औषध मागायला जाणारे आजच बघितले.

तरी ती गेली. फोनवर नाही, स्वतः. शनिवारी माझ्या नवऱ्याची गाडी घेऊन आम्ही दोघी सूरला गेलो. जिथे सामने व्हायचे त्या शाळेच्या मैदानावर आता बस उभ्या होत्या. शीबा मिस आता फक्त पहिली-दुसरीला कवायत शिकवत होती आणि सुट्टी लागली की नोकरी सोडून केरळला जाणार होती. मुलींचा संघ आमच्यानंतर महिनाभर आपापसांत खेळला. मग आईबाप विचारू लागले, कोणाशी खेळायला एवढा सराव? एकीला ट्यूशन लावली, एकीला नाच. संपलं. शीबा मिसने हे सगळं न रागावता सांगितलं, आणि ते ऐकणं जास्त अवघड होतं.

हिबाच्या आईने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मासे, भात, माझ्यासाठी वांगं. अन्वीच्या हाताची चौकशी केली. हिबा खोलीतून बाहेर येईना. जेवण होत आलं तेव्हा आली, आईच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि फिलूला म्हणाली, "मिस, हमको बोला भी नहीं. वीडियो में देखा."

तेव्हा मला कळलं. सभेनंतर फिलूने सूरला फोन केलाच नव्हता. शीबा मिसचे फोन येत राहिले, हिने घेतले नाहीत. कोणत्या तोंडाने घेऊ, असं तिला वाटलं असणार. पण सूरच्या मुलींना आपल्याला टाकलं हे नव्या लीगच्या चित्रफितीत आमच्या जर्सी बघून कळलं. मी फिलूकडे बघितलं. जगात कोणाशीही भांडणारी ती बाई त्या पोरीपुढे हात न धुता तशीच बसून राहिली. परतीच्या वाटेवर फक्त एवढंच म्हणाली, "त्यांनी हात वर केला, मी फोन खाली ठेवला. एकूण एकच."

पुढच्या महिन्यात तिने आमची शाळा सोडली. शीबा मिसची जागा रिकामी होणार होती, ती तिने मागून घेतली. हुद्दा कमी, काम लहान मुलांच्या कवायतीचं, मैदानावर बस उभ्या. तिला वेड लागलंय, असं सगळ्यांचं मत पडलं. निरोपाच्या चहाला अध्यक्ष गमतीने म्हणाले, बघा मिस, शेवटी तुम्हीही शाळा बदललीच की. ती म्हणाली, "हो. पण मी ज्यांचं खाल्लं त्यांच्याकडे चाललेय." चहा तसाच टाकून ती बाहेर पडली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

गेटवर टॅक्सी उभी होती, सामान चढलं होतं. मी पोचवायला गेले. तिथे अन्वी उभी होती, मनगटावर अजून पट्टा, शाळेची बॅग पाठीला. ती तशी लाजरी मुलगी, मराठी अडखळत बोलायची. ती म्हणाली, "मिस, मग आम्हाला... आम्हाला कोण शिकवणार?"

फिलूने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं ती तिला जवळ घेईल. सूरला तापात अन्वीचं डोकं तिनेच मांडीवर घेतलं होतं.

"घरी जा आणि हे बाबांना विचार," ती म्हणाली, टॅक्सीत बसली आणि दार ओढून घेतलं.

मला तिचा इतका राग आला की मी काचेवर थाप मारली. ती काच खाली करेना. ड्रायव्हरने विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं, तिने त्याला पुढे हात दाखवला आणि टॅक्सी सूरच्या रस्त्याला लागली. तिचं शेवटचं दर्शन ते: उलटी टोपी, ताठ मान, मागे वळून न बघणारी. त्या मानेचा राग मला अजून येतो. समितीचा येतो, देवधरांचा येतो, त्या सूटवाल्या पोराचा येतो, पण सगळ्यात जास्त तिचा येतो, कारण बाकीच्यांकडून मला कधी काही अपेक्षा नव्हती.

अन्वी तिथेच उभी होती. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "मॅम, व्हॉट डिड आय डू?"

तू काही केलं नाहीस, मी म्हणाले. सूरच्या मुलींनीही काही केलं नव्हतं.